वळीव बघायला निघताना: कुठं थांबायचं, कधी मागं फिरायचं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे नेहमीचं आहे. दुपारी चारच्या सुमारास एका बाजूनं आभाळ काळं होतं, पहिला गडगडाट ऐकू येतो, कुणीतरी "चल बे, आज जोरात येणार" म्हणतं आणि दोघं दुचाकीवर बसून ढगाच्या दिशेनं सुटतात. वीस मिनिटांनी ते एखाद्या बाभळीखाली भिजत उभे असतात. मोबाईलमध्ये राखाडी रंगाचे पंधरा फोटो आणि ज्याच्यासाठी निघालो तो ढग कुठं दिसतच नाही.

चूक दोन ठिकाणी होते. एक, उशिरा निघणं. वळवाचा एक ढग उभा राहतो, कोसळतो आणि विरतो, हे सगळं साधारण पाऊण ते एका तासात उरकतं. शहरात गडगडाट ऐकू येईपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य सरलेलं असतं. दुसरी चूक जास्त महागाची: ढगाखाली जाणं. ढगाखाली गेल्यावर फक्त पाऊस दिसतो, ढग दिसतो तो लांबूनच. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीसाठी आहेत: आधी जागेवर पोचायचं आणि अंतर राखून बसायचं. धावाधाव जितकी कमी, तितकं दिसतं जास्त.

## १. हंगामाआधी: कोरड्या दिवशी जागा ठरवा

हे काम मार्चमध्ये करा, आभाळ भरल्यावर नाही. शहराच्या चारही बाजूंना एकेक जागा हवी, कारण ढग कुठल्या बाजूला उभा राहील ते त्या दिवशीच कळतं. बार्शी रोडला नान्नज-मार्डीकडचा माळ, हैदराबाद रोडला बोरामणीच्या आसपासचा मोकळा भाग, अक्कलकोट रोडला वळसंगच्या अलीकडे, विजापूर रोडला मंद्रूपच्या बाजूला. या भागाचं नशीब असं की डोंगर नाहीत, इमारती नाहीत, क्षितिज पुरतं उघडं. नान्नजला माळढोक अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं नाही. रस्त्याच्या कडेवरून दिसतं तेवढं पुष्कळ आहे.

जागा निवडताना बघायच्या गोष्टी:

- गाडी डांबरावर किंवा पक्क्या मुरमावर उभी राहील आणि एका झटक्यात वळवता येईल.
- बाहेर पडायला दोन दिशांना रस्ते आहेत.
- डोक्यावर उच्च दाबाच्या तारा, शेजारी एकटं झाड, मोबाईल टॉवर किंवा होर्डिंग नाही.
- ती जागा आजूबाजूच्या रानापेक्षा उंच नाही. तुळजापूरच्या घाटातून सोलापूरच्या बाजूचा देखावा सुंदर दिसतो हे खरं, पण विजेच्या वेळी उंचवट्याच्या कडेला थांबणं म्हणजे आपणहून नाव नोंदवणं.

पूल कुठं आहेत तेही पाठ ठेवा. पुणे रोडला लांबोटी, मंगळवेढा रोडला तिऱ्हे, विजापूर रोडला वडकबाळ, या तिन्ही ठिकाणी सीना ओलांडावी लागते. नदीच्या पलीकडे गेलात की परतायच्या वाटा मोजक्याच उरतात. लहान रस्त्यांवरचे फरशी पूल वेगळे मोजा. कोरड्या दिवशी ते लक्षातही येत नाहीत, पण जोराच्या पावसात सगळ्यात आधी तेच बुडतात.

इशारा: काळ्या रानात चाक घालू नका. मंगळवेढ्याच्या बाजूला एकदा "आणखी पन्नासच मीटर" म्हणून मी गाडीरस्त्यानं आत गेलो. चार मोठे थेंब पडले, मग सर आली आणि पाचव्या मिनिटाला माती चाकाला अशी बसली की चाक आणि मडगार्डमध्ये बोट घालायला जागा राहिली नाही. चाक फिरेना, गाडी नुसतीच घसरत आडवी. विजा चालू असताना खाली उतरून काडीनं माती खरवडायची की आत बसून राहायचं, हा प्रश्न त्या दिवशी माझ्यापुढं होता. मी आत बसून राहिलो. दोन तासांनी ट्रॅक्टर आला. त्या शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, "पाव्हणं, हितं पाऊस पडायच्या आधी निघायचं असतंय."

## २. गाडी आणि सामान

वर पत्र्याचं बंद छत असलेली चारचाकी हवी. दुचाकी नको, रिक्षा नको, मागं ताडपत्री लावलेला टेम्पो नको. वीज पडली तर ती बंद गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून आतला माणूस वाचतो. टायर रबराचे असतात म्हणून वाचतो, हा गैरसमज आहे. टायर तर दुचाकीचेही रबराचेच असतात.

माणसं किमान दोन. एक गाडी चालवतो, दुसरा आभाळ आणि नकाशा बघतो. एकट्यानं गाडी चालवत ढगाकडं बघणारा माणूस विजेपेक्षा ट्रकखाली जाण्याची शक्यता जास्त.

सामानाची यादी छोटी: निम्म्याहून जास्त इंधन, पॉवर बँक, मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा (वादळात नेटवर्क हमखास जातं), टॉर्च, पाणी, कोरडे कपडे, काच आणि लेन्स पुसायला सुती फडकी, ट्रायपॉड. ढाब्यावर थांबलात की अर्धा तास गेला, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात. आणि एक सोलापुरी चादर. ती कशाला, ते पुढं गारांच्या वेळी सांगतो.

तपासा: घरी एकाला तरी सांगितलंय का, कुठल्या रोडला जाताय आणि किती वाजता फोन कराल?

## ३. सकाळी: आज निघायचं की नाही

बरेच जण पारा बघतात. ४२ अंश झालं म्हणजे संध्याकाळी पाऊस, असा हिशेब. पण नुसत्या उन्हानं वळीव येत नाही, हवेत ओल लागते. सकाळी सात वाजताच अंग चिकचिकतंय, पंख्याखाली घाम सुकत नाही, असा दिवस कामाचा. हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू (हवेतल्या ओलीचं दव व्हायला लागतं ते तापमान; आकडा जितका जास्त, तितकी ओल जास्त) दिसत असेल तर तो बघा. माझा ढोबळ आडाखा असा की दवबिंदू १८ च्या खाली असेल तर घरी बसायचं, २० च्या वर असेल तर दुपारची कामं सकाळीच उरकायची.

कोरड्या दिवशीही ढग येतात, पण त्यांचा पाऊस जमिनीवर पोचायच्या आधी हवेतच सुकतो. ढगाखाली झिरमिळ्या लोंबल्यासारख्या दिसतात. त्या सुकण्यानं हवा थंड आणि जड होऊन धाडकन खाली येते. म्हणजे पाऊस नाही, पण धुरळा आणि वारा भयंकर. "नुसतंच आभाळ आहे" म्हणून अशा ढगाखाली जाऊ नका.

दुसरी खूण आभाळात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास मधल्या उंचीवर किल्ल्याच्या तटासारखे कंगोरे असलेले छोटे ढग दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे असं समजा.

मग अधिकृत माहिती. भारतीय हवामान विभागाच्या विभागणीत सोलापूर मध्य महाराष्ट्रात येतं. मराठवाड्याच्या रकान्यात शोधू नका. जिल्ह्याचा रंग बघा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घरी. लाल रंगाच्या दिवशी गच्चीच्या दाराआतून बघा. त्याच विभागाचा पुढच्या तीन तासांसाठीचा तातडीचा इशाराही येतो. दुपारनंतर तो जास्त उपयोगाचा.

आयआयटीएम या पुण्याच्या संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये असायलाच हवं. तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का, ते त्यात दिसतं. लोकेशन बंद ठेवून दामिनी उघडणारे मी पुष्कळ पाहिलेत. मग ते ॲप कुठली वर्तुळं काढणार?

तपासा: उपग्रहाच्या किंवा रडारच्या चित्रावरची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहे का? असेल तर साडेपाच तास मिळवा. चित्रावर १०:३० असेल तर ते दुपारी चारचं आहे. हे न कळल्यामुळे सकाळचं चित्र समजून जुनाच ढग शोधत फिरणारे कमी नाहीत.

## ४. दुपारी: ढग वाचा, मग गाडी काढा

गच्चीवर जा. दोननंतर आभाळात कापसाचे गोळे दिसू लागतात. त्यातले बहुतेक तिथंच विरतात. कामाचा कोणता, ते ओळखायला एक साधी युक्ती: विजेच्या खांबाची तार किंवा गच्चीचा कठडा आणि ढगाचा माथा एका रेषेत धरा आणि दोन मिनिटं डोकं न हलवता बघा. माथा तारेच्या वर सरकताना दिसला, तर तो ढग उभा राहतोय.

मग कडा बघा. चिरलेल्या फ्लॉवरसारखी ठसठशीत, कडक कड असेल तर ढग वाढतोय. तीच कड पिंजलेल्या कापसासारखी धूसर व्हायला लागली की वर बर्फ होतोय. त्यानंतर माथा सपाट पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. ही ऐरण शंभर किलोमीटरवरूनही दिसते, त्यामुळे ती दिसली म्हणजे वादळ जवळ आलं असं नाही.

निघायचं ते कडक कड दिसताना. ऐरण पसरल्यावर निघालात तर अर्धा खेळ संपलेला असतो. एक मात्र आहे: मोठ्या दिवशी एका ढगाच्या थंड वाऱ्यानं शेजारी दुसरा उठतो, दुसऱ्याच्या कडेला तिसरा. तेव्हा पहिला हुकला तरी घाई करू नका.

जाताना ढगाच्या थेट दिशेनं जायचं नाही. रडारवर गेल्या अर्ध्या तासाची चित्रं लागोपाठ बघा आणि तो कुठल्या दिशेनं सरकतोय ते नकाशावर बोटानं रेघ ओढून ठरवा. "आपल्याकडं पाऊस अमुकच बाजूनं येतो" यावर विसंबू नका. मेमधला ढग आणि सप्टेंबरच्या अखेरचा ढग वेगवेगळ्या वाटेनं चालतात. त्या रेघेच्या समोर थांबायचं नाही, बाजूला थांबायचं.

दुपारी चारनंतर दोन जागांमध्ये निवड असेल तर ढग पूर्वेला राहील अशी जागा घ्या. पश्चिमेचं ऊन पाठीमागून थेट ढगावर पडतं, पांढऱ्या माथ्याखाली निळाकाळा तळ उठून दिसतो, आणि इंद्रधनुष्य दिसलंच तर याच बाजूला दिसतं. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो. शेवटचा अर्धा तास ऐरण केशरी होते, मग गुलाबी, मग राखेसारखी.

## ५. अंतर: किती जवळ म्हणजे फार जवळ

दामिनीतली ती दोन वर्तुळं आठवा. २० च्या बाहेर आणि ४० च्या आत ढग असेल ती आपली बसायची जागा. तिथून आख्खा ढग एका नजरेत मावतो.

ढग सरकत जवळ आला तर हा क्रम:

२० किलोमीटरच्या आत: गाडीबाहेर भटकणं बंद. दाराला हात लागेल इतक्याच अंतरावर उभं राहायचं, गाडीचं तोंड परतीच्या दिशेला.

१५ च्या आत, किंवा गडगडाट ऐकू आला तर: गाडीत. काचा वर. वीज पावसाच्या कडेपासून दहा-पंधरा किलोमीटर बाहेरही पडते. डोक्यावर निळं आभाळ असतानाही पडते. ट्रायपॉड बाहेर राहिला तर राहू द्या.

१० च्या आत: वाट मोकळी असेल तर निघून जा. नसेल तर गाडीतच, हात मांडीवर, धातूच्या भागाला आणि चार्जिंगच्या वायरीला न शिवता.

दामिनी चालेना तर मोजा. वीज चमकली की सेकंद मोजायला लागा आणि गडगडाट ऐकू आल्यावर आलेल्या आकड्याला तीननं भागा. तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर.

इशारा: पत्र्याचं शेड, बस थांबा, शेतातली खोपी, चिंच, लिंब, बाभूळ, यातलं काहीही आसरा नाही. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. एका झाडाखालची चार-पाच जनावरं एकदम दगावतात ती यामुळंच. उघड्यावर सापडलातच तर पळत पक्क्या इमारतीकडं किंवा गाडीकडं जा. उकिडवं बसून वाचता येतं या भरवशावर मोकळ्या रानात थांबू नका.

कुणाला वीज लागली तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज साठून राहत नाही. १०८ ला फोन करा. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. निघायच्या आधी हे एकदा शिकून घ्या.

## ६. वाऱ्याचा लोट आणि गारा

पाऊस यायच्या आधी ढगातून थंड वारा खाली आपटून पुढं सुटतो. लांबून तो असा दिसतो: ढगाच्या तळाशी फळीसारखी काळी लांब पट्टी, तिच्याखाली जमिनीलगत तपकिरी भिंत. ती भिंत म्हणजे नांगरलेल्या रानातला धुरळा. बघण्यासारखं दृश्य हेच, आणि नेमकं याच वेळी लोक व्हिडिओ काढत उभे राहतात. अंगावर एकदम गार झुळूक आली, ओल्या मातीचा वास आला, की तुमच्याकडं फार तर पाच-दहा मिनिटं आहेत. कधी तेवढीही नाहीत.

या वेळात गाडी झाड, खांब, पत्र्याचं छत आणि होर्डिंग यांच्यापासून लांब घ्या. पेट्रोल पंपाच्या छताखालीही नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं ते अशाच वळवाच्या वाऱ्यात आणि ते पेट्रोल पंपावरच पडलं. महामार्गाच्या कडेलाही थांबू नका. धुरळ्यात मागच्या ट्रकला तुम्ही दिसत नाही. आत कुठंतरी वळून थांबा आणि दिवे चालू ठेवा.

दुपारी कडक उन्हात माळावर फिरणारी वावटळ वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला वरच्या ढगाशी घेणंदेणं नसतं. तिचा व्हिडिओ 'चक्रीवादळ' म्हणून पाठवू नका.

गारा येणार का? रडारवर ढगाचा गाभा ५५ डीबीझेडच्या (ढगावरून रडारकडं परतणाऱ्या लहरींचा जोर मोजायचं माप) वर गेला की शंका घ्यायची. पहिला टणत्कार ऐकू आला की गाडी सावकाश बाजूला घ्या, कारण वेगात गार जास्त जोरानं लागते. आता ती चादर काढा आणि दोघांनी डोक्यावरून ओढून घ्या. काच फुटलीच तर तुकडे डोळ्यांत जाणार नाहीत.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. आपण ज्याला देखावा म्हणतो, तो समोरच्याच्या वर्षाच्या कमाईवर पडतो. करमाळ्याकडं केळी आडवी होतात, सांगोल्यात डाळिंबाला मार बसतो, पंढरपूरच्या बाजूला शेडमध्ये वाळत घातलेला बेदाणा भिजतो. बांधावर उभं राहून "वा, काय गारा आहेत!" असं ओरडणारा मुलगा मी पाहिलाय, आणि त्याच्याकडं बघणारा बागायतदारही. एकदा ढग अजून लांब होता, वारा नुकताच सुटत होता, आणि रस्त्याकडेच्या बेदाण्याच्या शेडला एक माणूस एकटाच ताडपत्री बांधत होता. दर वेळी एक टोक बांधलं की दुसरं सुटायचं. कॅमेरा सीटवर ठेवून ते दुसरं टोक धरलं. फोटो त्या दिवशी एकही नाही. झोडपलेल्या बागेचा फोटो मालकाला विचारल्याशिवाय काढू नका आणि नाही म्हणाला तर वाद घालू नका.

## ७. फोटो: थोडक्यात

दिवसा विजेचा फोटो बटण दाबून मिळत नाही, तुम्ही दाबेपर्यंत ती गेलेली असते. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि नंतर त्यातली चौकट निवडा.

अंधारात उलट सोपं. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस हातानं लांबच्या दिव्यावर पक्का करून, आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ ८ च्या आसपास, शटर दहा ते वीस सेकंद. एकामागून एक चौकटी घेत राहा, वीज आपोआप एखादीत सापडते. मोबाईलच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. गाडीच्या आतून काढायचं तर डॅशबोर्डवर लहान ट्रायपॉड आणि आतले सगळे दिवे बंद, नाहीतर विजेच्या फोटोत तुमचा स्वतःचा चेहरा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे झूम. ढग केवढा होता ते कळायला खाली जमिनीची एक पट्टी लागते: एखादी पवनचक्की, लांबवरचं कौलारू घर, रस्त्यावरचा एसटीचा दिवा.

## ८. परत येताना

पाऊस ओसरला म्हणून लगेच दार उघडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घड्याळ लावून थांबा. ढगाच्या मागच्या भागातूनही विजा पडतात, आणि लोक सापडतात ते बरेचदा "झालं आता" म्हटल्यावर.

हा अर्धा तास वाया जात नाही. मावळतीला मागं राहिलेल्या ऐरणीच्या खालच्या अंगाला कधीकधी पिशव्यांसारखे गोल फुगे लोंबतात, आणि त्यांच्यावर खालून ऊन पडतं. हे पाच-दहा मिनिटंच टिकतं.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर फरशी पूल ओलांडायचा नाही, मग पुढची जीप गेलेली असली तरीही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवायला लागतं आणि खाली फरशी शिल्लक आहे की नाही ते वरून दिसत नाही. तारा तुटून पडल्या असतील तर गाडीतच बसून लांबून मागं घ्या आणि महावितरणला किंवा ११२ ला कळवा. पहिल्या सरीनंतर डांबरावर तेल-धुळीचा निसरडा थर होतो, म्हणून पहिले दहा किलोमीटर निम्म्या वेगानं.

घरी पोचल्यावर वहीत चार ओळी लिहा: सकाळचा दवबिंदू, पहिला ढग किती वाजता आणि कुठल्या बाजूला दिसला, तो कुठल्या दिशेनं सरकला, आपण किती अंतरावर होतो. माझ्या वहीत अंतराच्या रकान्यात पहिल्या वर्षी सगळीकडं "खाली" लिहिलंय.